परीक्षेतील रुग्ण आणि पाड्यावरील रुग्ण

आपल्या वसतिगृहात वाढलेली काही मुले-मुली आता परिचर्या व वैद्यक शाखांकडे वळू लागली आहेत. सुट्टीत ती भेटावयास येतात, तेव्हा लेखी परीक्षेपेक्षा ‘ऑस्की’ची धास्ती अधिक बोलून दाखवतात. या परीक्षेत ओळीने स्थानके मांडलेली असतात. प्रत्येक स्थानकावर मोजकी मिनिटे मिळतात. घंटा वाजली की पुढे सरकावयाचे. एके ठिकाणी रक्तदाब मोजावयाचा, दुसऱ्या ठिकाणी रुग्णाचे सोंग घेतलेल्या माणसाशी बोलून त्याचे दुखणे जाणून घ्यावयाचे. परीक्षक हाती यादी घेऊन एकेका कृतीला गुण देत असतो.

असे सोंगाचे रुग्ण शिक्षणात आणण्याची कल्पना अमेरिकेतील हॉवर्ड बॅरोज यांची, १९६३ सालची. तेव्हा तिची चेष्टाही झाली. पुढे स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी स्थानकांची ही पद्धत बसवली व १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आम्ही या पद्धतीच्या बाजूचे आहोत. पूर्वी एकाच्या वाट्याला सोपा रुग्ण येई, दुसऱ्याच्या वाट्याला गुंतागुंतीचा. उरलेले परीक्षकाच्या मर्जीवर. येथे सर्वांस तोच रुग्ण, तीच यादी. उमेदवार कोणाचा, कोठला, त्याचे इंग्रजी कसे, यांना वाव कमी राहतो. आपल्या मुलांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

आमचा आक्षेप आहे तो तयारीच्या रीतीवर. मुले यादी पाठ करतात. मैत्रीणच रुग्ण होते आणि तिला रोगाचे नाव ठाऊक असते. म्हणून ती ‘तीन दिवसांपासून ताप, थंडी वाजून येतो’ असे पुस्तकी उत्तर देते. पेठच्या पाड्यावरील म्हातारी असे सांगत नाही. ती म्हणेल, आवणी लागली तेव्हापासून अंग मोडते आहे. आवणी केव्हा लागली, त्याला किती आठवडे झाले, हे उमेदवारास ठाऊक हवे. आधी भगताकडे जाऊन आल्याचे ती विचारल्यावाचून बोलणार नाही, आणि रागावून विचारले तर मुळीच बोलणार नाही. द्राक्षबागेच्या कामावरून सांधे धरून परतलेला तरुण दुखण्याला कष्टाचे नाव देतो. तेथे सिकलसेलची शंका मनात येऊन घरात आणखी कोणाला असे दुखते का, हे विचारावे लागते. या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. पण तपासणीच्या पट्टीआधी प्रश्न येतो, आणि प्रश्न रुग्णाला कळेल अशा बोलीत विचारावा लागतो.

रुग्णाचे बोलणे ही शुश्रूषेची पहिली पायरी आहे, हे विनयपिटकाच्या महावग्गातही आढळते. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांसह स्वतः धुतले, ही कथा आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्याच प्रकरणात, जो आपले दुखणे आहे तसे सांगत नाही त्याची शुश्रूषा अवघड होते, असेही नोंदले आहे. तो का सांगत नाही, याचा शोध मात्र शुश्रूषा करणाऱ्यानेच घ्यावयाचा आहे.

या कामात कोकणा बोलणाऱ्या मुलीकडे जे आहे, ते शहरी सहाध्यायाने वर्षभर घोकून येणार नाही. नाशिकला गेल्यावर आपली बोली झाकून ठेवण्याकडे मुलांचा कल असतो. त्यांना आम्ही आग्रहाने सांगतो की प्रमाण मराठी अवश्य कमवा, यादीही पाठ करा, पण सराव घरी जाऊन आजीपाशी करा. तिला मध्येच तोडू नका. तिने सांगितलेले परीक्षकाच्या भाषेत मांडून पाहा. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा शिकण्याचा रीतसर भाग झाला आहे. त्याची तयारी याहून चांगली कोठे होणार?

आणखी एक सूचना परीक्षा घेणाऱ्यांसाठी. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, म्हसरूळ येथे आहे. पेठ तालुका तेथून फार दूर नाही. सोंगाचे रुग्ण म्हणून आपल्या पाड्यांवरील स्त्री-पुरुषांना शिकवून तयार करावे. बोहाड्यात सोंगे नाचवणाऱ्या या मुलखाला सोंग वठवणे नवे नाही. दिवाळीनंतर माणसे बागांच्या कामाला बाहेर पडतात, तेव्हा वेळापत्रक त्याआधीचे असावे. मानधन मात्र बागेतील रोजापेक्षा कमी असू नये, आणि जाण्या-येण्याचे एस.टी.भाडे वेगळे द्यावे.