बोरिवलीचा पांढरा वाघ

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत बाजीराव नांवाचा एक पांढरा वाघ होता, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. २००१ सालीं तो तेथेंच जन्मला व डिसेंबर २०१९ मध्यें वृद्ध होऊन मरण पावला. तो हयात असतां मुलें उद्यानांत गेलीं कीं प्रथम त्याचीच चौकशी करीत. पिवळे वाघ तेथें होतेच. पण त्यांच्यापुढें फार वेळ कोणी उभें राहत नसे. याच अरण्यांत बिबटे मोकळे हिंडतात, मुंबईसारख्या शहराच्या कुशींत हें केवढें नवल! परंतु त्यांचें कौतुक कोणास?

हा पांढरा रंग येतो तरी कोठून? पांढरा वाघ ही कांहीं निराळी जात नव्हे. रंग घडविणाऱ्या एका जनुकांत लहानसा फरक पडला असतां पिवळा रंग जातो व पट्टे तेवढे राहतात. चिनी शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं हा फरक नेमका शोधून काढला. तो आई व बाप या दोघांकडूनही आला तरच पिल्लूं पांढरें होतें. १९५१ सालीं रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनीं एक पांढरा बच्चा धरविला व त्याचें नांव मोहन ठेविलें. पिवळ्या वाघिणीपासून त्यास पांढरीं पिल्लें होईनात, तेव्हां तिच्या पोटीं झालेली त्याची स्वतःचीच कन्या राधा त्याजजवळ सोडण्यांत आली. १९५८ मध्यें चार पांढरीं पिल्लें झालीं. जगांतील प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ याच वंशाचे. जवळच्या नात्यांतील अशा संकरामुळें त्यांत अनेक व्यंगें शिरलीं. शिवाय डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची वाट या वाघांत चुकते, व कित्येक तिरळे निपजतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर काळ्या अस्वलांच्या एका जातींत कांहीं अस्वलें पांढरीं जन्मतात. तेथें तो रंग अस्वलाच्याच उपयोगी पडतो: दिवसा नदींत सामन मासे धरतांना पांढऱ्या अस्वलास काळ्यापेक्षां अधिक यश येतें, कारण पाण्यांतून माशास तें चटकन दिसत नाहीं. बाजीरावाच्या रंगाचा उपयोग मात्र पाहणाऱ्यांसच.

ही हौस वाघापुरतीच असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. बाळ जन्मतांच तें निरोगी आहे ना, हें विचारण्याआधीं गोरें आहे का, असें विचारणारीं घरें सुशिक्षितांत थोडीं नाहींत; आणि देवानें सर्व माणसें आपल्या प्रतिरूपाचीं केलीं असें मानणाऱ्या आमच्या ख्रिस्ती मंडळींतही तीं आहेतच. वधूवरांच्या जाहिरातींविषयीं तर बोलावयासच नको. सांवळ्या मुली हें सारें ऐकत असतात. स्नेहसंमेलनाचीं नाटकें बसूं लागलीं कीं त्या आपण होऊन दासीच्या कामासाठीं हात वर करतात, राणीच्या कामासाठीं नव्हे. हें आम्हीं एकदां नव्हे, अनेकदां पाहिलें आहे.

यंदा पात्रें निवडणाऱ्या मंडळींस आमची विनंती आहे कीं, राणीसाठीं आवाज व पाठांतर पाहावें, आणि पावडरीचा डबा तालमीच्या खोलींत आणूंच नये.