चमकीलाची तुंबी आणि वामनदादांचा शेवटचा अंतरा



'अमरसिंग चमकीला' हा चित्रपट १२ एप्रिल २०२४ ला नेटफ्लिक्सवर आला. बरोबर जयंतीच्या तोंडावर. जयंतीची धावपळ संपल्यावर आमच्या विहारात आठ-दहा पोरांनी लॅपटॉपला स्पीकर जोडून तो पाहिला. पोरं खूश होती. दलित गायकावर इम्तियाज अलीसारख्या दिग्दर्शकाने सिनेमा काढला, त्यात दिलजित दोसांझ आहे, ए. आर. रहमानचं संगीत आहे, अजून काय पाहिजे? मागे भिंतीला टेकून वस्तीतले एक ढोलकीवाले काका बसले होते. उभा जन्म गायन पार्टीत वाजवण्यात गेलेला माणूस. सिनेमा संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्याची गाणी त्याच्या वाद्यावर हायेत. त्याच्यावरची गाणी दुसऱ्याच वाद्यावर हायेत."

या चित्रपटावर मी बरंच वाचलं. काकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते मला त्यात कुठे सापडलं नाही. आपल्या लोकांनीही एकच वाद घातला, चित्रपटात जात दाखवली की लपवली. संवादात जात आहे, ती कुणी नाकारत नाही. पण गायकावरचा चित्रपट संवादांवर उभा राहत नाही, तो संगीतावर उभा राहतो. तिथे जात ऐकू येते का, हा माझा प्रश्न आहे.

चमकीला म्हणजे धनीराम. १९६० साली लुधियानाजवळच्या दुगरी गावात चमार कुटुंबात जन्मलेला. कापडाच्या कारखान्यात राबलेला. एका तारेची तुंबी (आपल्या तुणतुण्याची मावसबहीणच म्हणा), ढोलकी, पेटी आणि समोर सवाल-जवाबाला अमरज्योत, एवढ्या सामानावर त्याने पंजाबातले आखाडे गाजवले. ८ मार्च १९८८ ला मेहसमपूर गावात कार्यक्रमासाठी गाडीतून उतरताच त्याला, अमरज्योतला आणि त्यांच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मारेकरी कोण, हे आजवर कोर्टात सिद्ध झालेलं नाही.

अशा माणसावर चित्रपट काढताना संगीतकारापुढे मोजक्याच वाटा असतात. एक, मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं. दुसरी, तीच गाणी नव्या गळ्यातून गाऊन घ्यायची. मराठीत २०११ च्या 'बालगंधर्व'मध्ये आनंद भाटे यांनी ते केलं. तिसरी वाट म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यावर नवीनच गाणी बांधायची. पहिली वाटही दिसते तेवढी सरळ नाही. काळा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर क्लिंट ईस्टवूडने १९८८ मध्ये 'बर्ड' काढला. त्यात पार्करचं वादन जुन्या ध्वनिमुद्रणांतून वेगळं काढलं आणि त्याच्यामागे आजच्या वादकांची साथ नव्याने भरली. पार्कर राहिला, त्याच्याबरोबर त्या रात्री वाजवणारे पुसले गेले. आवाज स्वच्छ करायचा म्हटलं की पहिला बळी साजिंद्याचा जातो, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

'चमकीला'मध्ये दुसरी आणि तिसरी वाट एकत्र आहे. चमकीलाची स्वतःची गाणी दिलजित आणि परिणीती चोप्रा यांनी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायली. ओठ हलवून मागे गाणं वाजवलं नाही. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, आणि तेच प्रसंग चित्रपटात सगळ्यात जिवंत आहेत. पण चित्रपटाचा अर्थ लावण्याचं काम ही गाणी करत नाहीत. ते काम रहमान आणि गीतकार इर्शाद कामिल यांच्या सहा नव्या गाण्यांकडे आहे. 'बाजा' आपल्याला सांगतं की चमकीला कोण होता. 'इश्क मिटाये' त्याला थेट पंजाबच करून टाकतं. शेवटी निरोप मागायची वेळ येते तेव्हा 'विदा करो'मध्ये अरिजित सिंग आणि जोनिता गांधी यांचे आवाज येतात, आणि भाषा हिंदी होते. ज्याने पंजाबी सोडून काही गायलं म्हणून कुणी त्याला ओळखत नाही, त्याचा निरोप हिंदीत!

इथे भांडण रहमानशी नाही. ही गाणी ऐकायला सुंदर आहेत, माझ्याही फोनमध्ये आहेत. भांडण कामाच्या वाटणीशी आहे. धनीरामने वाजवायचं आणि त्याचा अर्थ दुसऱ्याने सांगायचा. समाजशास्त्र शिकताना आम्ही श्रमविभागणी वाचली. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. चित्रपटाच्या संगीतात ती विभागणी कानाने ऐकू येते. तुंबी वाजते तेव्हा आपण दुगरीत असतो. कोरस आणि मोठा वाद्यमेळ सुरू झाला की आपण 'पंजाब' नावाच्या एका गोड, जात नसलेल्या जागी जातो. तिथे चमकीला सगळ्यांचा होतो, आणि सगळ्यांचा झाला की चमारांचा राहत नाही. मेल्यावर आपली माणसं सगळ्यांची होतात, हा अनुभव आपल्याला नवा आहे का?

'नरम कालजा'चं उदाहरण घ्या. गावातल्या बाया आपल्या इच्छेबद्दल मोकळेपणाने गातात. धाडसी गाणं आहे. पण चित्रपटात ते चमकीलाच्या वकिलासारखं उभं राहतं, की बघा, बायकांनाही हे आवडतं. अहो, ती साक्ष अमरज्योतने आधीच दिली होती! त्याच्या प्रत्येक टोमण्याला भर आखाड्यात माईकवर उत्तर देत होती ती.

आता आपल्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप. ते म्हणतात, चमकीलाची गाणी अश्लील होती, त्याला कशाला डोक्यावर घ्यायचं? पठ्ठे बापूरावांच्या तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले, कारण त्या फडात महारांच्या बायका नाचवल्या जात होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगितलंच पाहिजे. मलाही त्याची काही गाणी माझ्या मुलीसमोर लावता येणार नाहीत. पण त्याच काळाकडे नीट बघा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी आणि इतरांनी जे जलसे उभे केले, त्यांनी गण-गवळण टाकली आणि ढोलकी ठेवली. चाल ठेवली, शब्द बदलले. गायचे तेच, सांगायचेही तेच. अर्थ लावायला बाहेरचा माणूस बोलावला नाही. चमकीलाच्या शब्दांवर टीका करायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, पण त्या टीकेच्या नावाखाली त्याची तुंबी दुसऱ्याच्या हातात द्यायची गरज नाही.

आनंद पटवर्धनांचा 'जयभीम कॉम्रेड' (२०११) आठवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. तिथून तो चित्रपट सुरू होतो. चौदा वर्षांचं चित्रीकरण, आणि त्यात संगीत आहे ते वस्तीतल्या गळ्यांचं, डफाचं, ढोलकीचं. त्यावर कुणी मलम लावलेलं नाही. तो माहितीपट आहे, पडद्यावरच्या कथेला तसंच जमणार नाही, हे मान्य. पण प्रेक्षकाला तो आवाज सोसवत नाही, ही सबब त्याने खोटी ठरवली.

हे सगळं मी पंजाबसाठी लिहीत नाहीये. उद्या कुणीतरी वामनदादा कर्डकांवर चित्रपट काढणार. आज ना उद्या काढणारच, कारण आता आपल्यालाही बाजारात किंमत आली आहे. तेव्हा पोस्टरवर संगीतकार म्हणून एखादं मोठं नाव असेल आणि आपण ते पोस्टर स्टेटसला ठेवू. वामनदादा आपल्या गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफायचे. सही होती ती त्यांची. आज जयंतीच्या डीजेवर त्यांची गाणी वाजतात तेव्हा कितीदा तो शेवटचा अंतरा पोहोचतो? गाणं मध्येच तोडून दुसरं लावतात, आणि त्याबरोबर कवीही तुटतो. हे सवर्णांनी नाही केलं, आपल्या पोरांनी केलं. जे आपण मिरवणुकीत करतो ते स्टुडिओत कुणी केलं तर कुठल्या तोंडाने भांडणार?

काकांचंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मालिकेच्या पार्श्वसंगीतासाठी त्यांना बोलावलं होतं. जलशाचा प्रसंग होता, 'ओरिजिनल' ठेका पाहिजे होता. अर्धा दिवस वाजवून घेतलं, रोजाचे पैसे हातावर ठेवले. नावांच्या पाट्यांत काका नाहीत. त्यांचा ठेका मात्र पुढे इतर भागांतही वाजला, त्यांनी टीव्हीवर ओळखला. त्यांना राग पैशाचा नाही. "माझा हात हाय तो," म्हणतात.

म्हणून आमच्या वस्तीत आम्ही एक काम काढलंय. जुन्या गायन पार्ट्यांच्या कॅसेट घराघरांतून गोळा करायच्या आणि प्रत्येक गाण्यापुढे कवी, गायक, ढोलकी, पेटी, कोरस अशी सगळी नावं लिहायची, वाजवणारी माणसं जिवंत आहेत तोवर. तुमच्याकडे कॅसेट असतील तर संपर्क करा. पहिला कागद काकांचा भरला. स्वतःचं नाव सांगण्याआधी ते पेटीवाल्याचं नाव आठवत पाऊण तास बसून होते.