जुने खाते, नवी सही

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मित्राचा एक ठाम सिद्धान्त होता: गाणारा गेला की बँड संपला. गोष्ट १९७८ सालची, पुण्यातली. त्याच्यापाशी ‘डीप पर्पल’ या इंग्लिश हार्ड रॉक बँडच्या चार तबकड्या होत्या. तीन झिजेपर्यंत वाजल्या. चौथी, ‘बर्न’, तो लावतच नसे. ‘हे ते नव्हेत,’ एवढेच म्हणायचा. मी ती एका रात्रीसाठी मागून आणली आणि आजतागायत परत केलेली नाही. त्यानेही मागितली नाही.

त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. १९७२-७३ मध्ये डीप पर्पल लोकप्रियतेच्या शिखरावर होते आणि त्याच काळात आतून उसवत होते. गायक इयान गिलन याने डिसेंबर १९७२ मध्ये राजीनामा लिहून दिला, तोही सहा महिन्यांची आगाऊ सूचना देऊन. रॉकवाल्यांच्या बेबंदपणाच्या कहाण्या आपण ऐकतो. हा गृहस्थ मात्र एखाद्या नेमस्त कारकुनाप्रमाणे नोटिशीचा काळ संपेपर्यंत रोज कामावर येत राहिला. २९ जून १९७३ रोजी जपानमध्ये ओसाका येथे त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच्याबरोबर बास गिटार वाजवणारा रॉजर ग्लोव्हरही गेला. तो स्वखुशीने गेला नाही. गिटारवादक रिची ब्लॅकमोरला तो नको होता. उरले तिघे: ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रमवर इयान पेस.

‘फ्री’ या बँडचा नावाजलेला गायक पॉल रॉजर्स याला त्यांनी विचारून पाहिले. त्याने नकार दिला. मग निवड झाली ती डेव्हिड कव्हरडेल या बाविशीच्या पोराची. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेडकार गावात तो कपड्यांच्या दुकानात काम करायचा आणि स्थानिक बँडमधून गायचा. बाहेरच्या जगाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. बाससाठी आला त्याच वयाचा ग्लेन ह्यूज. तो ‘ट्रॅपीझ’ या बँडमध्ये वाजवत असे आणि गातही असे. ग्लॉस्टरशर परगण्यातल्या क्लिअरवेल या जुन्या गढीत पाचहीजण राहिले, गाणी रचली, आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये स्वित्झर्लंडला माँत्रो येथे ध्वनिमुद्रणाला बसले.

माँत्रोचे नाव ऐकून जाणकारांचे कान टवकारतील. डिसेंबर १९७१ मध्ये हेच बँड तिथे ‘मशीन हेड’ ध्वनिमुद्रित करायला गेले होते. ज्या कॅसिनोत काम करायचे तो दुसऱ्याच एका वादकाच्या कार्यक्रमात जळून गेला, आणि त्या धुरातून त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे ‘स्मोक ऑन द वॉटर’ जन्मले. आता दोन वर्षांनी तेच गाव, तेच तळे, रोलिंग स्टोन्सच्या मालकीची तीच ध्वनिमुद्रणाची गाडी आणि तोच ध्वनितंत्रज्ञ, मार्टिन बर्च. बदलले होते फक्त पाचातले दोघे. जुन्याची नक्कल करण्याचा मोह व्हावा असे सगळे वातावरण तिथे जमून आलेले होते.

इथे माझ्या जुन्या पेशाची एक गोष्ट सांगतो. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसणाऱ्यांना ‘क्लेटनचा नियम’ पाठ करावा लागतो. इंग्लंडमधल्या १८१६ सालच्या एका निकालातून तो आला. भागीदारी पेढीतला एखादा भागीदार वारला किंवा निवृत्त झाला आणि खात्यावर कर्ज थकलेले असले, तर ते खाते तिथल्या तिथे थांबवायचे आणि पुढच्या व्यवहारांसाठी नवे खाते उघडायचे. हे केले नाही तर पुढचा प्रत्येक भरणा आधी जुने कर्ज फेडत जातो आणि प्रत्येक उचल नवे कर्ज होऊन बसते. गेलेल्याची जबाबदारी पुसली जाते, नव्याची मात्र वाढत राहते.

माणसे बदललेली बहुतेक बँडे, नाटकमंडळ्या, वर्तमानपत्रेसुद्धा, जुने खातेच पुढे चालवतात. नव्या गायकाने जुन्यासारखे गायचे, जुन्याच जागी किंकाळी फोडायची. त्याची सारी कमाई आधीच्याची देणी फेडण्यात जाते. मी स्वतः हे भोगले आहे. एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी म्हणून गेलो, तेव्हा माझ्या आधीचे साहेब गावाचे लाडके होते. सहा महिने मी त्यांच्यासारखा काउंटरबाहेर उभा राहून लोकांच्या पाठीवर थाप मारत होतो. शेवटी एक म्हातारा शेतकरी म्हणाला, ‘साहेब, तुम्ही आपलं खुर्चीतच बसा. ते त्यांना शोभायचं.’

‘बर्न’ ऐकताना मला तो म्हातारा आठवतो. गिलनचा आवाज उंच, धारदार. कव्हरडेलचा छातीतून येणारा, जाड, किंचित खरखरीत. त्याला कुणी गिलनच्या पट्टीत ओढलेले नाही. उंच स्वर ह्यूजकडे आहेत, आणि शीर्षकगीतात दोघांची वाटणी स्पष्ट ऐकू येते: कडवी कव्हरडेलची, मधले वळण ह्यूजचे. ‘मिसट्रीटेड’ हे संथ, दुखऱ्या चालीचे गाणे तर एकट्या कव्हरडेलवर सोपवले आहे. ह्यूजच्या बासमध्ये अमेरिकन काळ्या संगीताचा झोल आहे; ग्लोव्हरच्या वाजवण्यात तो नव्हता. जुन्या तिघांनीही आपली बैठक हलवलेली दिसते. शीर्षकगीतात पेस गायकाच्या ओळींखालीही एखाद्या सोलोसारखे सलग तुकडे वाजवत राहतो. दुसऱ्या कुणी हे केले असते तर मी त्याला आगाऊ म्हटले असते. लॉर्डचा ऑर्गन मध्येच बाखच्या वळणावर जातो आणि परत येतो.

१५ फेब्रुवारी १९७४ ला तबकडी निघाली. ब्रिटनमध्ये तिसऱ्या, अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेली. माझ्या लेखी याहून मोठा पुरावा ६ एप्रिलचा आहे. त्या दिवशी ‘कॅलिफोर्निया जॅम’मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांसमोर त्यांनी सात गाणी वाजवली, त्यांतली पाच या नव्या तबकडीतली होती. सुरुवातही तिच्याच शीर्षकगीताने. दोन महिनेही न झालेल्या मालावर एवढी उचल द्यायला कोणताही शाखाधिकारी कचरला असता.

नवे खाते उघडले की त्याचे धोकेही आलेच. ह्यूजचा तो झोल पुढच्या ‘स्टॉर्मब्रिंगर’मध्ये इतका वाढला की ज्याने नवी माणसे आणवली तो ब्लॅकमोरच १९७५ मध्ये निघून गेला. त्याच्या जागी टॉमी बोलिन आला, आणखी एक तबकडी झाली, आणि मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूल येथे सगळे थांबले. १९८४ मध्ये गिलन-ग्लोव्हरसह जुना संच पुन्हा जमला, तो निराळा इतिहास.

माझा मित्र यावर म्हणेल, ‘बघ, शेवटी जुनेच लागले!’ त्याला मी १९८० ची हकिगत सांगेन. रॉड एव्हान्स हा बँडचा अगदी पहिला, १९६८ चा गायक. म्हणजे मित्राच्या व्याख्येनुसार गिलनहूनही अस्सल. त्याला पुढे करून काही लोकांनी ‘डीप पर्पल’ या नावाने अमेरिकेत कार्यक्रम लावले. बाकीचा एकही वादक मूळ बँडमधला नव्हता. लोकांनी हुर्यो केली, प्रकरण न्यायालयात गेले आणि ६ लाख ७२ हजार डॉलर्सची भरपाई ठोठावली गेली. नाव खरे, माणूसही खरा, आणि तरी चेक वटला नाही.

‘बर्न’च्या हिशेबात मात्र एक चूक राहून गेली होती. गाण्यांचे रचनाकार म्हणून तबकडीवर ब्लॅकमोर, लॉर्ड, पेस आणि कव्हरडेल यांची नावे छापली होती. ह्यूज जुन्या कराराने बांधलेला होता, म्हणून वादक-गायकांत त्याचे नाव असले तरी रचनाकारांत नव्हते. बँकेच्या भाषेत, नोंद ‘सस्पेन्स’ला पडून राहिली. २००४ मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा बहुतेक गाण्यांच्या रचनाकारांत त्याचे नाव घातले गेले. तोवर तीस वर्षे उलटली होती. मित्राच्या तबकडीवर अर्थात अजून चारच नावे आहेत.