देश बदलला, काळही बदलला

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे. वायू, उदक, देश आणि काळ हे चार भाव सर्वांना समान असल्यामुळे ते बिघडले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी रोगग्रस्त होतात, हे त्याचे सार. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काळ टाळण्यास अधिक कठीण, असेही तेथे सांगितले आहे. परीक्षेपुरता पाठ केलेला हा अध्याय आज आमच्याच शेजारच्या डोंगरात आम्हांस नव्याने वाचावा लागत आहे.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जीव गेले. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव उभे राहिले व २०१७ मध्ये ते त्यांच्या स्वाधीन झाले. त्यापूर्वी डिंभे धरणानेही घोड नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना उठविले होते. वारूळवाडी-नारायणगाव परिसराची शेती ज्या कुकडी प्रकल्पावर उभी आहे, त्याच्या पाच धरणांपैकी डिंभे हे एक. म्हणजे आमच्या सुबत्तेत त्यांच्या बुडालेल्या जमिनीचा वाटा आहे.

या मंडळींचा देश एकदा बदलला. आता काळही बदलत आहे. पाऊस ओढ धरतो आणि येतो तो एकदम कोसळतो. भातशेतीचे वेळापत्रक कोलमडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील हिरड्याच्या झाडांची मोठी हानी केली. भाताच्या खालोखाल बाळहिरडा हाच येथील महादेव कोळी कुटुंबांच्या हाती रोख पैसा देणारा आधार. हिरड्याचे झाड काही एका हंगामात उभे राहत नाही.

फार्मसीचालक बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या त्रिफळाचूर्णातील हिरडा कोणाच्या अंगणातून आला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? आमचे स्पष्ट मत आहे की, जो माल मधल्या दोन-तीन हातांतून आपल्याकडे येतो, तो शक्य तेथे थेट गोळा करणाऱ्यांच्या गटाकडून घ्यावा, हंगामापूर्वीच दर ठरवावा आणि वाळवण व साठवण यांचे शिक्षण आपण द्यावे. यात उपकार नाही. आपल्याच द्रव्याची शुद्धता आणि पुरवठा त्यात सुरक्षित होतो.

वैद्यांचे कर्तव्य याहून निकडीचे आहे. ऋतुचर्या पंचांगाच्या तारखेवर न सांगता प्रत्यक्ष ऋतुलक्षणे पाहून सांगावी. ऋतुव्यापत्तीचा विचार शास्त्राने केलेलाच आहे. उन्हात राबणाऱ्यास कामाच्या वेळा, पाणी आणि जलसंजीवनी यांविषयी समजवावे. चिखलात भातलावणी करणाऱ्यास ताप आल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी. अंगावर काळी खपली दिसल्यास स्क्रब टायफसची. अशा रुग्णास काढ्याच्या भरवशावर ठेवून वेळ दवडू नये, तत्काळ रुग्णालयात पाठवावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावर प्रतिविष हाच उपाय आहे. आपल्या दारी आलेला असा रुग्ण आधी वाहनात बसवावा, चर्चा नंतर करावी.

आणखी एक गोष्ट. ज्यांनी एका सकाळी घरची माणसे गमावली, त्यांची रात्रीची झोप पावसाचा जोर वाढताच उडणे स्वाभाविक आहे. त्यांस केवळ निद्राकर योग लिहून देणे पुरेसे नाही. शेजारी बसावे, ऐकावे, आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

आमची सूचना छोटी आहे. प्रत्येक तालुका शाखेने पुनर्वसित वस्तीपैकी एक वस्ती दत्तक घ्यावी. वर्षातून दोनदा, उन्हाळा लागण्यापूर्वी आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी, तेथे जावे व आढळलेल्या रोगांची नोंद ठेवावी. काळ टाळणे आपल्या हाती नाही. परंतु त्याच्या माऱ्यात सापडलेल्यांस एकटे न सोडणे, हे निश्चितच आपल्या हाती आहे.