सौरवीज : अनुदान कोणाच्या छपरावर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेद्वारे एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचा संकल्प सोडला. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार व तिसऱ्यास १८ हजार रुपये, असे हे अनुदान आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाकाठी सरासरी चार युनिटे वीज देतो. महिना शंभर-सव्वाशे युनिटे वापरणाऱ्या कुटुंबास तो पुरेसा होय. विक्रेत्याच्या आग्रहाखातर मोठा संच घेणे हा निव्वळ अपव्यय ठरेल.

प्रश्न इन्व्हर्टरचाही आहे. बॅटरीविना ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या जीवितासाठी ते आवश्यकच असते. साहजिकच भारनियमनाच्या गावी बॅटरीचा खर्च अटळ होतो आणि भांडवल वसूल होण्याची वर्षे लांबतात.

तथापि मूळ प्रश्न निराळाच आहे. शंभर युनिटांपर्यंतचा दर महाराष्ट्रात कमी असल्याने बचतीचा मोठा वाटा अधिक वीज वापरणाऱ्याच्याच पदरी पडतो. भाडेकरूला तर स्वतःचे छप्परच नाही. अनुदान सर्वांच्या करातून आणि लाभ मात्र छपराच्या मालकाला, ही वाटणी न्याय्य कशी म्हणावी? सामायिक छपरांवरील विजेत भाडेकरूलाही हिस्सा मिळेल, तेव्हाच सूर्य खऱ्या अर्थाने सर्वांचा होईल.