जेवणानंतरची वीस मिनिटं

‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत’ हे वाक्य मीही गेली कित्येक वर्षं म्हणत आले. बचत गटाच्या बैठकीत, लग्नकार्यात, अगदी भाजी घेताना उभ्या उभ्यासुद्धा! एकदा माझ्या मुलीनंच मला अडवलं. ‘‘आई, तू शेवटची कादंबरी कधी वाचलीस गं?’’ बी. ए.ला मराठी घेतलेली मी, पण उत्तर देता येईना. सकाळचे डबे, सासूबाईंची औषधं, संस्थेची कामं... कारणं पुष्कळ होती. कादंबरी मात्र नव्हती.

त्याच आठवड्यात ग्रंथालयाचं बंद पडलेलं सभासदत्व पुन्हा सुरू केलं आणि घरात एक नियम केला. रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला की वीस मिनिटं टीव्ही बंद, मोबाइल कपाटावर. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मोठ्यानं अशासाठी, की सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी पुस्तक एकट्यानं वाचायचा कंटाळा. ‘‘चार दिवसांचं कौतुक आहे हे,’’ यजमान म्हणाले. पहिले चार दिवस खरंच जड गेले.

सुरुवात ‘बनगरवाडी’नं केली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. पानं थोडी, वाक्यं छोटी. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि हळूहळू त्या वाडीचाच होतो. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते. ते वाचताना सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. १९७२च्या दुष्काळात त्या स्वतः खडी फोडायला जात होत्या, हे आम्हाला त्या रात्री कळलं. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आम्ही कधी विचारलंच नव्हतं!

मग विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आणली. १९९१ची ही कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणासाठी गाव सोडावं लागलेल्या माणसांची परवड तिच्यात आहे. पुस्तक जाडजूड, आणि खरं सांगते, सोपं नाही. दुःखावर दुःख इतकं येतं, की मध्ये आठ दिवस आम्ही वाचन थांबवलं. पण थांबण्याआधी सासूबाईंनी एक प्रश्न विचारला. ‘‘आपली बिल्डिंग उभी आहे ना, ती जमीन आधी कुणाची होती गं?’’

आम्ही नेरूळला राहतो. सिडकोची स्थापना १९७०ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसवायची ठरली. भातशेती गेली, मिठागरं गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन झालं आणि जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. संस्थेच्या कामामुळे मला हे सगळं ठाऊक होतं, पण घरात कधी बोलले नव्हते. माझा मुलगा जुन्या गावातल्या मुलांना ‘गाववाले’ म्हणून नाक मुरडायचा, तेही मी कानाआड करत होते. बाहेर समाजकार्य आणि घरात हे!

आमच्या बचत गटात गावठाणातल्या एक आजी आहेत. त्यांना मी रविवारी चहाला बोलावलं. मुलगा वाचत होता, आजी मांडी घालून ऐकत होत्या. गाव सोडतानाचा प्रसंग आला, तशा त्या म्हणाल्या, ‘‘आमचं घर राहिलं बाबा, पण शेत गेलं. सासरे मरेपर्यंत रोज संध्याकाळी त्या बाजूला जाऊन उभे राहायचे.’’ मुलगा वाचायचा थांबला. नंतर आजींना घरापर्यंत सोडायला तोच गेला. मी काही उपदेश केला नाही. पण तो शब्द पुन्हा त्याच्या तोंडून ऐकला नाही.

तिसरं पुस्तक मुलीनं निवडलं, कविता महाजन यांची २००५ सालची ‘ब्र’. नवऱ्यानं टाकलेली प्रफुल्ला एका संस्थेत काम करू लागते आणि पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटत फिरते. काही ठिकाणी माहिती फार होते, गोष्ट मागे पडते, असं मला वाटलं. काही पानं सासूबाईंसमोर वाचायला मुलगी अवघडली. पण खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे वाचताना तिनं सरळ विचारलं, ‘‘आई, तू कधी न वाचता सही केलीस?’’ मी यजमानांकडे पाहिलं. घरकर्जाच्या कागदांवर, विम्याच्या फॉर्मवर... त्यांनी बोट ठेवलं तिथं मी सही करत आले होते. गटातल्या बायकांना मात्र ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ म्हणून सांगणारी मीच! दुसऱ्या दिवशी यजमानांनी कपाटातली फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. ‘‘वाच सावकाश,’’ एवढंच म्हणाले.

म्हणून मला वाटतं, वाचनानं मुलांचे मार्क वाढतात की नाही, हा हिशोब बाजूला ठेवावा. कादंबरीत दुसऱ्याच्या घरातलं बोलता बोलता आपल्या घरातलं न बोललेलं बाहेर येतं. ‘हे तुझ्याबाबतीत झालं होतं का?’ असं सासूला, आईला किंवा नवऱ्याला थेट विचारायला जीभ रेटत नाही. पुस्तक मध्ये असलं की विचारता येतं. एकेकट्यानं वाचलं असतं, तर आम्हाला गोष्टी कळल्या असत्या, पण माणसं कळली नसती.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’ होतो, शाळेत पुस्तकांबरोबर फोटो निघतात. त्याला माझी ना नाही. पण एका दिवसाच्या फोटोपेक्षा रोजची वीस मिनिटं मोलाची. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असंही नाही, गावातल्या ग्रंथालयात ती वाट पाहत असतात. आणि नियम रोज पाळला जातो असंही नाही हं! परीक्षा आल्या, पाहुणे आले की खंड पडतो. पण मग सासूबाईच हाक मारतात, ‘‘अगं, आज पुस्तक नाही का?’’

आज रात्री ओटा आवरला की तुम्हीही करून बघा. पहिलं पान मात्र आपणच वाचायचं.