लाकडाचा भाव आणि बाबांची खोली

मंडळाच्या पिकनिकला चार टाळकी जमली की गप्पा कुठे वळतात हे सांगायला नको. पाच मिनिटं क्रिकेट, दहा मिनिटं मुलांची कॉलेजं, आणि मग व्याजाचे दर, शेअर आणि सोनं. २०२५ साली कॅनडाच्या लाकडावरची ड्युटी वाढल्यापासून या यादीत लाकडाचीही भर पडली आहे. "आता घराचं काम काढावं की भाव उतरेपर्यंत थांबावं?" असं कोणीतरी विचारतं आणि माना माझ्याकडे वळतात. लाकडाच्या भावावर पाळत ठेवणारा माणूस म्हणून मी आमच्या गावात थोडा बदनाम आहे. ती बदनामी मला कितीला पडली, ते आज सांगतो.

आमचं घर न्यू जर्सीतल्या बहुतेक घरांसारखं दुमजली. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, झोपायच्या खोल्या सगळ्या वर, चौदा पायऱ्या चढून. आई-बाबा २०१९ पासून ग्रीन कार्डवर आमच्याकडेच असतात. बाबांचे गुडघे पाहून डॉक्टरांनी २०२१ च्या सुरुवातीला सांगितलं, "यांची झोपायची सोय खाली करता आली तर बघा." म्हणून मागच्या अंगाला तीनशे चौरस फुटांची खोली आणि बाथरूम काढायचं ठरलं. मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टरने आकडा दिला, ७८ हजार डॉलर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा आकडा दहाच दिवस चालेल. का, म्हणून विचारलं, तर तो एकच शब्द बोलला, "लाकूड."

भाव एवढा कसा चढला?

इथे घाऊक लाकूड हजार बोर्ड फुटांच्या हिशेबाने विकतात. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. २०१९ मध्ये वायदे बाजारात हजार बोर्ड फुटांचा भाव साडेतीनशे-चारशे डॉलरच्या आसपास असे. एप्रिल २०२० मध्ये तो तीनशेच्या खाली गेला आणि मे २०२१ मध्ये १,६७० डॉलरच्या वर. त्या वसंत ऋतूत बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज होता की नुसत्या लाकडामुळे नवं घर सरासरी ३६ हजार डॉलरने महागलं आहे.

याचं मूळ भीतीत होतं. २००५ साली अमेरिकेत वीस लाखांवर नवी घरं बांधायला घेतली गेली होती. २००९ मध्ये ती साडेपाच लाखांवर आली, आणि कितीतरी सॉ-मिल कायमच्या बंद पडल्या. तो चटका मिलवाल्यांच्या लक्षात होता. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्यांनी ताबडतोब कापणी कमी केली आणि वखारवाल्यांनी साठा उतरवला. पण घडलं उलटच. लोक घरी बसले आणि घराकडे बघू लागले. कोणी डेक काढला, कोणी तळघर सजवलं. जुलै २०२० मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या खाली गेला, तेव्हा नव्या घरांसाठी रांगा लागल्या. वखार रिकामी आणि गिऱ्हाईक दारात, अशी गत झाली. मग प्रत्येक दुकानदार "मिळेल न मिळेल" म्हणून गरजेपेक्षा जास्त ऑर्डर देऊ लागला. चाबूक हातात थोडासा हलतो, पण टोकाला कडाडतो, तसं झालं.

गंमत म्हणजे झाडांची टंचाई नव्हती. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या दक्षिणेकडच्या राज्यांत पाइनची झाडं उदंड उभी होती. १९८५ च्या शेती कायद्याखाली सरकारने शेतकऱ्यांना शेतजमिनीवर झाडं लावायला पैसे दिले होते, ती झाडं आता तोडणीला आलेली. फळीचा भाव चौपट झाला, तरी उभ्या झाडाचा भाव जवळजवळ तिथेच राहिला. लासलगावच्या कांद्याची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. टंचाई होती ती मधल्या कापणीची, माणसांची आणि ट्रकांची. आणि नवी सॉ-मिल महिन्याभरात उभी राहत नाही, तिला दोन-दोन वर्षं लागतात.

उत्तरेला परिस्थिती वेगळी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाइनचं खोड पोखरणाऱ्या भुंग्याने कापणीलायक पाइनपैकी निम्म्याहून अधिक झाडं मारली. आधी मेलेली झाडं घाईने कापली गेली, मग कापायला झाडंच उरेनात आणि मिल बंद पडू लागल्या. शिवाय तिथली बहुतेक जंगलं सरकारी आहेत. "तुम्ही झाडं स्वस्तात देता, ही सबसिडीच आहे," असा अमेरिकन मिलवाल्यांचा आरोप १९८२ पासून चालू आहे, आणि त्यावरून ड्युटी वर-खाली होत राहते.

मी काय केलं?

मी सॉफ्टवेअरवाला. स्प्रेडशीट उघडली, वायद्याचा आलेख काढला आणि रात्री जेवताना जाहीर केलं, "हा भाव टिकणार नाही. मिल दुप्पट पाळ्या चालवतील, माल येईल, आणि सहा महिन्यांत भाव कोसळेल. आपण थांबायचं." बायको म्हणाली, "अरे, पण बाबांचे गुडघे थांबणार आहेत का?" मी तिला आलेख दाखवला.

आणि माझं बरोबर निघालं! ऑगस्टअखेर भाव पाचशेच्या खाली आला. मी मिशीला पीळ देऊन कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, "अभिनंदन. पण माझी माणसं आता मार्चपर्यंत मोकळी नाहीत." शिवाय त्याच्या वखारीत अजून उन्हाळ्यात चढ्या भावाने घेतलेला माल पडून होता. किरकोळ भाव चढतो लिफ्टने आणि उतरतो जिन्याने. मजुरी, खिडक्या, प्लंबिंगचं सामान हे सगळं दरम्यान वाढलेलं. नवा आकडा ८४ हजार. करारात एक कलमही होतं की सुरुवात होईपर्यंत लाकूड महागलं तर फरक मी द्यायचा. स्वस्त झालं तर काय, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मोठे पूर आले आणि रेल्वेमार्ग, रस्ते तुटले. त्याच महिन्यात कॅनडाच्या लाकडावरची ड्युटी ९ टक्क्यांवरून जवळजवळ १८ टक्के झाली. २०२२ उजाडता उजाडता भाव पुन्हा हजाराच्या वर. बाबा रोज सकाळी चहाबरोबर माझ्याकडून भावाची बातमी ऐकत. ऑगस्टमध्ये एकदा ते हसत म्हणाले होते, "तुझा भाव छान उतरतोय रे, मला मात्र जिना उतरता येत नाही." मीही हसलो होतो.

जानेवारीत एका पहाटे ते जिन्यावरून घसरले. तीनच पायऱ्या, पण मनगट मोडलं. इमर्जन्सी रूममध्ये त्यांच्या शेजारी बसून मी पहिल्यांदा तो हिशेब केला, जो मे महिन्यात करायला हवा होता. आमच्या खोलीला लाकूड लागणार होतं साधारण तीन हजार बोर्ड फूट. १,६७० च्या भावाने ते ५,०१० डॉलर, पाचशेच्या भावाने १,५०० डॉलर. म्हणजे आलेखाचं शिखर आणि तळ यांतला फरक सगळा मिळून साडेतीन हजार डॉलर. ७८ हजारांच्या कामात! त्यासाठी मी आठ महिने थांबलो, आकडा सहा हजारांनी वाढवून घेतला, वर लाकडाचा फरक भरला. शिवाय माझं कर्ज घरावरचं, बदलत्या व्याजाचं. २०२२ च्या मार्चपासून फेडरल रिझर्व्हने दर वाढवायला घेतले आणि डिसेंबरपर्यंत ते शून्याजवळून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेले. तो हप्ता अजून बोचतो. मनगटाचा हिशेब मी मांडत नाही.

मग करायचं काय?

माझं मत असं की आपण लोक भाव बघून खरेदी करण्यात पटाईत आहोत, पण ज्याचा भाव रोज छापून येतो त्याच्याकडेच फक्त बघतो. सुताराच्या कॅलेंडरचा आलेख कुठे छापून येत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचाही नाही. खर्च मात्र तिथेच होतो.

म्हणून मी आता कामांचे दोन भाग करतो, हौसेची आणि गरजेची. डेक, पर्गोला, मागच्या अंगणातलं शेड ही हौस. ती खुशाल भाव बघून करा, वर्षभर थांबलात तरी कोणाचं बिघडत नाही. जिन्याचा कठडा, खालची झोपायची खोली, गळकं छप्पर ही गरज. ती कॅलेंडर बघून करा.

आणि करार करताना तीन गोष्टी नक्की विचारा. एक, एकूण रकमेत लाकूड किती? बहुतेक वेळा तो आकडा ऐकूनच अर्धी धास्ती जाते. दोन, भाव बदलला तर फरक कोणाचा? कलम घालायचं तर दोन्ही बाजूंनी घाला, चढला तर तुमचा, उतरला तरी तुमचाच. तीन, काम कोणत्या तारखेला सुरू होणार, हे लेखी द्या.

ड्युटीच्या बातम्यांना भिऊन घाई करू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या बहुतेक लाकडावरची ड्युटी ३५ टक्क्यांवर गेली, ऑक्टोबरमध्ये त्यावर आणखी १० टक्के बसले. तेव्हा भाव गगनाला भिडेल असं सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात ऑगस्टच्या सुरुवातीला सातशेच्या आसपास असलेला वायदा शरद ऋतूत सहाशेच्या खाली आला. व्यापाऱ्यांनी आधीच साठा केला होता आणि व्याज चढं असल्याने घरं बांधणारे कमी होते. बातमी आपल्यापर्यंत पोचते तोवर बाजाराने ती पचवलेली असते. बाजाराचा अंदाज चुकला म्हणून नुकसान होतं असं आपण समजतो. माझा तर बरोबर आला होता.

खोली जुलै २०२२ मध्ये पूर्ण झाली. बाबा तिथे झोपतात, सकाळी आपले आपण उठून मागच्या दारी तुळशीला पाणी घालतात. मनगट थंडीत दुखतं, पण तक्रार नाही. आलेख मी अजून बघतो, सवय जात नाही. पण पुढच्या वेळी कोणी विचारलं, "थांबावं का?" तर मी आधी उलट विचारणार आहे, "काम कोणासाठी आहे?"